जाड कादंबरी शेवटपर्यंत कशी न्यावी

घरातल्या अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्या काढून खूण कुठे अडकली आहे ते बघा. बऱ्याचदा ती पान 30 ते 80 यांच्या दरम्यान सापडेल. सोडणारा म्हणतो, वेळच मिळाला नाही. पण नुसता वेळ हेच कारण असतं तर खुणा पुस्तकभर विखुरलेल्या दिसल्या असत्या. खरं कारण असं, की पहिल्या पन्नास पानांत लेखक पात्रं, गाव, काळ, नाती सगळं एकदम समोर ठेवतो, आणि वाचक नेमकी तीच पानं झोपेआधी पाच-पाच करत वाचतो. रोज नव्याने ओळख, रोज नव्याने विसर. आठवड्यात कंटाळा येतो आणि दोष पुस्तकाला लागतो.

पुढचं सगळं बडोद्यातल्या मराठी वाचकासाठी आहे, आणि ते या एका गोष्टीभोवती फिरतं. पहिली पन्नास पानं एका बैठकीत संपवायची. बाकीच्या पायऱ्या आहेत त्या ही बैठक जमावी आणि पुढे टिकावी म्हणून.

पुस्तक मिळवणं, बडोद्यात

जुनी मराठी कादंबरी हवी असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आधी धुंडाळा. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही नसेल तर तो अक्षर विसरतो, म्हणून ग्रंथालयांचं काम हाती घेतलं आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. गावोगाव ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या ही त्यातूनच आलेली व्यवस्था. लायब्ररीतल्या पुस्तकांच्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या लाद्यांचे मजले बघण्यासारखे आहेत, पण आपण पुस्तक आणायला गेलोय हे विसरू नका. वेळ आणि सभासदत्वाचे नियम जाण्याआधी विचारून घ्यावेत. संशोधनाच्या अंगाने काही शोधत असाल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आणि तिथला मराठी विभाग हा दुसरा पत्ता.

शोधताना एक गोम आहे. मराठी लेखक टोपणनावाने लिहीत आले आहेत. नोंद कधी टोपणनावाखाली असते, कधी आडनावाखाली, कधी आद्याक्षरांखाली. तीनही ठिकाणी बघितल्याशिवाय 'नाही' म्हणू नये. नावात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असला की संगणकावरचा शोध हमखास फसतो. तेव्हा नावाचा जेवढा भाग निर्विवाद आहे तेवढाच टाइप करा.

नवी पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईहूनच येतात. एकेक मागवलं की टपालखर्च पुस्तकाच्या उरावर बसतो, म्हणून यादी करून चार-पाच एकदम मागवावीत. दिवाळीला पुण्याहून कोणी येणार असेल तर आणखी बरं. आणि दिवाळी अंक विसरू नका. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं होतं, हा योगायोग बडोदेकरांना सांगायला आवडतो. वाचनाची सवय मोडलेल्याने थेट सहाशे पानांना हात घालू नये. दिवाळी अंकातली साठ-सत्तर पानांची दीर्घकथा आधी घ्यावी. तीही एका बैठकीत.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

शीर्षकपानाच्या मागचं पान वाचा. तिथे 'आवृत्ती' आहे की 'पुनर्मुद्रण', हे बघा. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा तोच असतो. 'संक्षिप्त' हा शब्द बारीक टाइपात दडलेला असतो. तो दिसला तर पुस्तक परत ठेवा. संक्षेप करताना आधी वर्णनं जातात आणि मग दुय्यम पात्रं. कादंबरीत मजा बऱ्याचदा त्यांच्यातच असते.

जुनं पुस्तक विकत घेताना फर्मे मोजा. पुस्तक छापतात ते मोठ्या कागदावर, आणि तो घडी घालून बहुधा सोळा पानांचा एक फर्मा होतो. बांधणीत चूक झाली तर एखाददुसरं पान नाही, आख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा येतो. म्हणून प्रत्येक पान उलटत बसायची गरज नाही. दोन लगतच्या फर्म्यांमधला सांधा पाठीकडून बघितला की दिसतो. तिथे पृष्ठांक सलग आहेत का एवढं पाहिलं की पाचशे पानांचं पुस्तक तीन मिनिटांत तपासून होतं. पान 192 नंतर 209 आलं तर समजा, सोळा पानं गेली. वाचनाच्या ऐन रंगात हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं चांगलं.

बांधणी शिवणीची आहे की नुसती चिकटवलेली, तेही बघा. पुस्तक मधे उघडून दोन पानांच्या खाचेत दोरा दिसला तर शिवण. चिकटबांधणीचं जाड पुस्तक एकदम दोन्हीकडे दाबून उघडलं की डिंक तडकतो आणि पानं सुटू लागतात. ते आधी सैल करून घ्यावं लागतं. पुस्तक पाठीवर उभं धरा. पुढचं कव्हर खाली सोडा, मग मागचं. त्यानंतर पुढून वीस पानं, मागून वीस पानं असं आलटून पालटून, बोटाने खाचेजवळ हलकं दाबत मधोमध या. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. पण त्याने पुस्तक नीट उघडं राहतं आणि वाचताना अंगठा दुखत नाही.

1962 पूर्वीची छापील प्रत असेल तर शुद्धलेखन जुनं असणार. 'त्यानें तें पुस्तक घरीं नेलें', 'कांहीं', 'नांव' अशी अनुस्वारांची रांगोळी. त्या वर्षी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुनं वाचताना ते अनुस्वार मनातल्या मनात उच्चारायचे नाहीत, एवढं ठरवलं की पाच पानांत डोळा सरावतो. उच्चारत बसलात तर मात्र प्रत्येक पात्र सर्दी झाल्यासारखं बोलू लागेल.

आपला वेग मोजा

नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानावर 28 ते 32 ओळी असतात, ओळीला नऊ-दहा शब्द; म्हणजे पानाला सुमारे पावणेतीनशे ते तीनशे शब्द. ठीकठाक सवयीचा वाचक तासाला साधारण तीस पानं वाचतो. तुमचा आकडा वेगळा असेल, तो काढा. दहा मिनिटं गजर लावून वाचा, झालेल्या पानांना सहाने गुणा. हे मोजमाप पहिल्या प्रकरणावर करू नका. तिथे सगळ्यांचाच वेग मंद असतो.

आता 450 पानांचा हिशेब. तासाला तीस धरले तर पंधरा तास. पहिली बैठक पन्नास पानांची, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. उरलेली चारशे पानं रोज वीसप्रमाणे, म्हणजे रोज चाळीस मिनिटं, वीस दिवस. जाड पुस्तकाची भीती जाते ती याच गणिताने. रोज पाच पानं वाचणाऱ्याला तेच पुस्तक तीन महिने पुरतं आणि तीन महिन्यांपूर्वीचं प्रकरण कुणालाच आठवत नाही. पाच पानांची शिस्त धर्मग्रंथाला चालते, कादंबरीला नाही.

पहिली बैठक

सुट्टीच्या दिवशी, सकाळी. बडोद्याच्या मे महिन्यात तर सकाळ किंवा रात्रच. दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना पंख्याखाली जाड पुस्तक धरलं की हाताचा घाम कव्हरवर उमटतो आणि पंखा पानं उलटतो. तसंच वाचायचं झालं तर पुस्तकाखाली उशी घ्या आणि पंख्याचा झोत पायांवर येईल असं बसा.

उजेड मागून, खांद्यावरून पानावर यावा. समोरचा दिवा डोळ्यात जातो आणि गुळगुळीत कागदावर चमकतो. पिवळसर उजेडाचा सात ते नऊ वॅटचा एलईडी जवळ असला तर पुरतो. पुस्तक डोळ्यांपासून 35 ते 40 सेंटिमीटरवर. चाळिशी उलटली असेल आणि हात आपोआप लांब जात असेल तर आधी चष्मा तपासून घ्या. कादंबरी कंटाळवाणी वाटण्याचं हे एक अगदी साधं आणि सहसा लक्षात न येणारं कारण आहे.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवणं म्हणजे उपासाला फराळ समोर मांडून बसण्यासारखं. अडलेला शब्द शोधण्यासाठी म्हणून तो जवळ ठेवतात आणि शब्द सापडतो, पण पान हरवतं. अडलेल्या शब्दाखाली बारीक टिंब करून पुढे जा. चार वेळा आला तर अर्थ आपोआप लागतो. एकदाच आला तर त्यावाचून काही अडत नाही.

प्रस्तावना आधी वाचू नये. मराठी कादंबरीची प्रस्तावना अनेकदा शेवट सांगून टाकते, आणि सांगताना तिला काही वाटतही नाही. मलपृष्ठावरचा मजकूरही निम्माच वाचावा.

पंचविसाव्या पानाला उठा, पाणी प्या, पाच मिनिटं फिरा, परत बसा. पन्नासाव्या पानाजवळ प्रकरण संपत असेल तर तिथपर्यंत जा. मात्र प्रकरणाच्या शेवटाशीच थांबायचा हट्ट पुढे सोडून द्या. प्रकरण संपलं की गोष्ट मिटते आणि उद्या पुन्हा उघडायला जोर लावावा लागतो. पुढच्या प्रकरणाचं दीड पान वाचून थांबलं की उद्या पुस्तक स्वतःच हाक मारतं.

नावांचं कार्ड

मराठी कादंबरीत माणसं कमी आणि नावं फार. नवख्या वाचकाची खरी अडचण हीच, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. उदाहरण म्हणून एक बाई घेऊ. माहेरी ती चंपू. लग्नात नाव बदललं, सासरी पार्वती. दीर तिला वहिनी म्हणतात, पुतणे काकू, नणंदेची मुलं मामी. शेजारीण म्हणते जोशीणबाई. नवरा म्हणतो 'अगं'. पत्राच्या मायन्यात ती चि. सौ. पार्वती. लेखक यातलं जे ज्या प्रसंगात शोभेल ते वापरतो आणि वाचकाला वाटतं घरात सहा बायका आहेत. पुरुषांचंही तसंच: भावंडांचा अण्णा, मुलांचा बाबा, कचेरीत रावसाहेब, गावात नुसता 'वाड्यावरचा'.

यावर उपाय म्हणजे पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड. तेच खूण म्हणूनही वापरायचं, म्हणजे वेगळं शोधावं लागत नाही. उभं धरून डाव्या बाजूला पात्राचं मुख्य नाव, उजवीकडे त्याची बाकीची नावं आणि कोण कुणाचं काय. वर लिहिलेल्या बाईची ओळ अशी होईल: 'पार्वती: चंपू (माहेर), वहिनी, काकू, मामी. अण्णांची बायको. पा. 14'. पृष्ठांक हवाच, गोंधळ झाला तर परत जायला. बारापेक्षा जास्त नावं लिहू नका. तेरावं आलं तर आधीच्यातलं कोण पुन्हा दिसलंच नाही ते बघून खोडा.

कार्ड पहिल्या बैठकीतच भरत जायचं. नंतर भरू म्हटलं की भरलं जात नाही. शंभराव्या पानानंतर त्याकडे बघावंही लागत नाही, आणि ते तसंच असायला हवं. वंशावळ काढायचा मोह काहींना होतो, रेषा, चौकटी, रंगीत पेनं. तीन पिढ्यांची कादंबरी असेल तर ठीक, एरवी तो वाचन टाळण्याचा सुंदर प्रकार आहे.

रोजचा रतीब आणि मधला उतार

पहिल्या बैठकीनंतर चोवीस तासांच्या आत दुसरी हवी. तीन दिवसांचा खंड पडला तर मागची दहा पानं चाळून मग पुढे जा. आठवडा गेला तर मागचं आख्खं प्रकरण. महिना गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा आणि पन्नास पानं एका दमात काढा. या वेळी ती तासाभरातच होतात.

साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्क्यांवर, म्हणजे 450 पैकी अडीचशे ते दोनशे नव्वद पानांच्या आसपास, दुसरा धोका असतो. पात्रं ओळखीची झाली, शेवट दूर आहे, आणि लेखक उपकथानकात शिरला. इथे रोजचा रतीब वाढवायचा, कमी करायचा नाही. दोन दिवस वीसऐवजी पस्तीस पानं वाचा. उताराचा भाग लवकर मागे पडतो. वाचक नेमकं उलट करतात, कंटाळा आला म्हणून दहा पानांवर येतात आणि कंटाळा दुप्पट दिवस टिकतो.

याला एक अपवाद आहे. साप्ताहिकात क्रमशः छापलेल्या जुन्या कादंबऱ्या. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात प्रकरणाप्रकरणाने कादंबऱ्या दिल्या. वाचक आठवडाभर थांबणार हे गृहीत धरून ती प्रकरणं लिहिली आहेत. म्हणून त्यांत आधीच्या गोष्टीची उजळणी येते, वाचकाशी थेट गप्पा येतात. अशी कादंबरी सलग शंभर पानं वाचली की तीच तीच वाटते. दिवसाला एक प्रकरण, फार तर दोन. पहिल्या बैठकीचा नियम इथेही पाळा, पण पन्नासऐवजी तीन प्रकरणांपुरता.

सोडून कधी द्यावी? पन्नास पानं एका बैठकीत वाचूनही एकाही माणसाचं पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल तर शंभरपर्यंत जा. तिथेही तेच असेल तर खुशाल ठेवून द्या आणि कार्डावर पान व तारीख लिहा. पाच-पाच पानं वाचून मात्र कोणत्याही पुस्तकाला नापास करू नका.

बोली अडते तेव्हा

मालवणीतलं 'खंय', 'माका', 'चेडू'. वऱ्हाडीतलं 'मले', 'तुले', 'काऊन'. बोलीतली पानं डोळ्यांनी वाचायला गेलं की अडतात, कानाने वाचली की सुटतात. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. दार लावून घ्या, लाज वाटत असेल तर. 'काऊन' कागदावर कोडं वाटतं. 'काऊन आला नाहीस?' असं तोंडातून निघालं की 'का' ऐकू येतं. शब्दसूची शेवटी दिलेली असेल तर दहा पानांनंतर एकदा वाचून काढा. प्रत्येक शब्दाला मागे धावू नका.

बडोदेकराला इथे एक फायदा आहे. अहिराणीतलं 'शे' म्हणजे 'आहे'; रोज कानावर गुजराती 'छे' पडणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. तोटाही आहे, आणि तो घरातल्या मुलांना जास्त भोवतो. सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा धरला जातो. 'मास्तरांनी शिक्षा दिली' हे वाक्य हिंदी शिकलेल्या मुलाला 'शिकवलं' असं कळतं. 'तिला राग आला' यात गुजराती कानाला सूर किंवा माया ऐकू येऊ शकते. पत्राखालचा 'लोभ असावा' तर थेट हावरटपणा वाटतो. 'चेष्टा', 'संसार' हेही त्याच रांगेतले. असे पंधरा-वीस शब्द एकदा कागदावर काढून मुलांना दाखवले की निम्मे गैरसमज मिटतात.

मुलांना वाचून दाखवणं

गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातलं मूल मराठी छान बोलतं, आणि देवनागरी त्याला हिंदीमुळे येते. तरी मराठी पुस्तक हातात दिलं की ते बाजूला ठेवतं. याचं कारण आळस नाही. हिंदीच्या सवयीने ते 'चमचा', 'जग', 'झरा' यांतला च, ज, झ तालव्य, म्हणजे 'चहा', 'जीव' यांतल्यासारखा, वाचतं. मग वाचलेला शब्द घरात ऐकलेल्या शब्दाशी जुळत नाही आणि अर्थ लागत नाही. 'दऱ्या', 'वऱ्हाड' यांतला ऱ त्याने हिंदीत कधी पाहिलेलाच नसतो. ळ मात्र गुजरातीत आहे, तिथे अडचण येत नाही.

म्हणून आधी कान, मग डोळा. रोज पंधरा मिनिटं तुम्ही वाचा, मूल शेजारी बसून पानावर बघेल. मोठ्याने वाचताना तासाला वीस-बावीस पानंच होतात, म्हणजे पंधरा मिनिटांत पाच. ओळीखालून बोट फिरवा, पण शब्द फोडून सांगू नका. पंधराएक दिवसांनी संवाद वाटून घ्या: एका पात्राची वाक्यं मुलाची. महिन्याने एक परिच्छेद तुमचा, एक त्याचा. चुकीच्या उच्चाराला मधेच टोकू नये. त्याचं वाक्य संपलं की तोच शब्द तुमच्या पुढच्या वाक्यात सहज बरोबर म्हणा. आणि गोष्ट रंगली की थांबा. 'उद्या' म्हणून पुस्तक मिटायचा निर्दयपणा इथे कामाला येतो.

अनुवाद निवडताना

पहिलं पान अनुवादकही जीव लावून करतो, म्हणून परीक्षा शंभराव्या पानावर घ्यावी, आणि तीही संवादाची. पात्रं एकमेकांना तू म्हणतात की तुम्ही, हे नात्याला धरून आहे का? सख्खे भाऊ 'आपण' म्हणत असतील, नोकर मालकाला 'तू' म्हणत असेल, तर मूळ भाषेतल्या एकाच सर्वनामाने अनुवादकाला फसवलं आहे. 'त्याच्याद्वारे केलं गेलं' छापाची वाक्यं एका पानावर तीनदा आली तर पुस्तक खाली ठेवा. बंगाली किंवा गुजरातीवरून झालेला अनुवाद थेट आहे की इंग्रजीवरून, हेही शीर्षकपानामागे बघा. नात्यांचे शब्द इंग्रजीतून फिरून येताना काका-मामा एक होतात, आणि मग नावांचं कार्डही काही करू शकत नाही.

पावसाळा आणि पूर

थोडक्यात, कारण हा स्वतंत्र विषय आहे. जून ते सप्टेंबर कपाट भिंतीला टेकवू नका, मागे दोन-तीन इंच हवा राहू द्या. पुस्तकं घट्ट कोंबू नका. कसर लागलेली शंका असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नको, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदच खाते. पातळ खळ आणि पातळ जपानी कागद किंवा तसाच पांढरा तलम कागद वापरा.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी 2019 आणि 2024 मध्ये घराघरांत शिरलं, तेव्हा भिजलेली पुस्तकं उन्हात टाकून अनेकांनी ती वाया घालवली. उन्हात पानं वाकतात आणि पाठ सुटते. उभं करून पाणी निथळू द्या, दर वीस पानांनंतर कोरा शोषक कागद घाला, पंख्याखाली ठेवा, ओला झालेला कागद बदलत राहा. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात सगळी वाळणार नसतील तर उरलेली पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने एकेक वाळवा. छापील वर्तमानपत्र मधे घालू नये, शाई उतरते.

वही, आणि शेवटचं पान

खुणा स्वतःच्या पुस्तकात, त्याही मऊ 2बी पेन्सिलीने. समासात उभी रेघ पुरते. ओळीखाली रेघा मारायला लागलं की हात थांबत नाही. मागच्या कोऱ्या पानावर पृष्ठांक आणि दोन शब्द: '137, विहिरीपाशी'. ग्रंथालयाच्या पुस्तकात टिंबसुद्धा नको; तिथे हीच नोंद कार्डाच्या मागे करा.

प्रत्येक बैठकीनंतर वहीत दोन ओळी, जास्त नाही. काय झालं ती एक, काय खटकलं किंवा आवडलं ती दुसरी. 'छान आहे' लिहिलंत तर काही लिहिलं नाही. 'थोरल्या जावेने किल्ल्या परत दिल्या, पण कुणीच तिच्याकडे बघितलं नाही' असं लिहिलंत तर वर्षाने आख्खं प्रकरण डोळ्यांपुढे येईल.

शेवटचं पान झालं की पुस्तक लगेच ठेवू नका. पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. अर्धा तास लागतो. पहिल्या दिवशी ज्या पानांनी दमवलं होतं, त्यांतली सगळी माणसं आता घरची असतात. तिसऱ्या पानावर दारातून नुसती डोकावून गेलेली बाई कोण, हे आता कळतं, आणि लेखकाने तिला तिथे का डोकावू दिलं तेही. प्रस्तावना वाचायची ती यानंतर.

मग कार्ड काढून घ्या. घरातलं कोणी तेच पुस्तक वाचणार असेल तर त्यांना ते देऊ नये. चंपू आणि पार्वती एकच, हे त्यांचं त्यांना पान 14 वर सापडू द्यावं.